ऐकू आले नाही, तर दोष कोणाचा?



नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. प्रतिध्वनी शिकवायचा दिवस आला की मी वर्गाला शाळेमागच्या मैदानात नेते आणि समोरच्या डोंगराकडे तोंड करून एकेकाला हाक मारायला लावते. आपलाच आवाज परत आला की मुले खूश होतात. मग वर्गात येऊन आम्ही हिशेब करतो. आवाज जाऊन परत यायला इतके सेकंद लागले, तर डोंगर किती लांब?

यंदा हा हिशेब झाल्यावर मी सोनारचे नाव घेतले. समुद्रातली पाणबुडी याच पद्धतीने शोधतात, असे सांगितले. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “टीचर, एवढे चांगले यंत्र आहे, तर मग पाणबुडी कधी कधी सापडत का नाही?”

मी उत्तर द्यायच्या आधीच मागून एक मुलगा म्हणाला, “ऐकणारा झोपला असेल!”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी येताना मनात आले की अगदी हेच उत्तर एकेकाळी मोठमोठ्या नौदल अधिकाऱ्यांनीही दिले होते. आणि एका मुलाच्या बाबतीत ते मीही दिले होते. या महिन्याचा लेख त्या मुलीच्या प्रश्नावर आहे.

समुद्रात डोळ्यांचा उपयोग नाही

सूर्याचा उजेड समुद्रात फार खोल जात नाही. दोनशे मीटरच्या खाली गेले की जवळपास अंधारच. सूरह नूरमध्ये खोल समुद्रातल्या अंधारावर अंधाराचा दाखला आला आहे, तो अनेक वाचकांना आठवेल. विमाने शोधणारे रडार रेडिओ लहरींवर चालते, पण खारे पाणी रेडिओ लहरींना थोड्या अंतरातच गिळून टाकते. म्हणजे उजेड गेला आणि रडारही गेले. उरला फक्त आवाज.

आवाजाला मात्र पाणी फार मानवते. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर, म्हणजे चौपटीपेक्षाही जास्त. शिवाय पाण्यात तो खूप दूरपर्यंत टिकतो. देवमासे एकमेकांना मैलोन् मैलांवरून ऐकतात, ते याचमुळे.

सोनारचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जहाज स्वतः पाण्यात आवाजाची हाक सोडते. ती कशावर तरी आपटून परत आली की वेळ मोजायची. समजा चार सेकंदांनी प्रतिध्वनी आला. १५०० गुणिले ४ म्हणजे ६००० मीटर. हे जाण्याचे आणि येण्याचे अंतर झाले, म्हणून त्याचे निम्मे करायचे. समोरची वस्तू ३००० मीटरवर आहे. घरातल्या सुनेची किंवा लेकीची सोनोग्राफी होते तेव्हा पोटातल्या बाळाचे चित्र याच तत्त्वावर दिसते. तिथला आवाज आपल्या कानाला ऐकू न येण्याइतका बारीक असतो, एवढाच फरक. मच्छीमार बांधवांच्या बोटीवर मासळीचा थवा दाखवणारे यंत्र असते, तेही याच घराण्यातले.

दुसऱ्या प्रकारात जहाज काहीच बोलत नाही, फक्त ऐकते. पाणबुडीचा पंखा, तिचे पंप, तिचे इंजिन यांचा जो आवाज पाण्यात उतरतो, तो पाण्याखालच्या मायक्रोफोनने, म्हणजे हायड्रोफोनने टिपायचा. मुलांना मी सांगते, अंधाऱ्या खोलीत कोणाला शोधायचे असेल तर एक तर “कोण आहे?” म्हणून ओरडा, नाहीतर श्वास रोखून कानोसा घ्या. ओरडलात तर समोरच्यालाही कळते की तुम्ही कुठे उभे आहात. म्हणून पाणबुड्या शक्यतो ओरडत नाहीत, कानोसाच घेतात.

टायटॅनिक जहाज १९१२ साली हिमनगावर आपटून बुडाले, तेव्हापासून या कामाला जोर आला. १९१४ साली फेसेंडेन यांनी आपल्या यंत्राने सुमारे तीन किलोमीटरवरचा हिमनग प्रतिध्वनीवरून ओळखून दाखवला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकाला विजेने थरथरवून पाण्यात आवाज सोडण्याची आणि तो परत टिपण्याची रीत बसवली. आजचे सोनार त्याच पायावर उभे आहे.

विमानातून टाकलेले कान

आता प्रश्न असा की समुद्र एवढा मोठा आणि जहाजे मोजकी. शिवाय जहाजाच्या स्वतःच्या इंजिनाचा आवाज इतका असतो की दुसऱ्याचा ऐकू येणे कठीण. यावर दुसऱ्या महायुद्धात एक युक्ती निघाली. कान जहाजावर ठेवायचे नाहीत, विमानातून समुद्रात पेरायचे. या पेरलेल्या कानाला सोनोबॉय म्हणतात. बॉय म्हणजे पाण्यावर तरंगणारा तराफा किंवा पिंप, बंदरात खूण म्हणून असतो तसा.

सोनोबॉय म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर जाड नळकांडे. विमानातून सुटले की छोटी छत्री उघडते आणि ते अलगद पाण्यात पडते. आतली बॅटरी खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला की सुरू होते. मग नळकांड्याचे दोन भाग होतात. एक फुगून वर तरंगतो आणि त्यावर एरियल उभी राहते. दुसऱ्यात हायड्रोफोन असतो. तो लांब तारेला लटकत ठरवलेल्या खोलीपर्यंत खाली जातो. खालचा कान जे ऐकतो ते तारेने वर येते आणि वरची एरियल ते रेडिओने विमानाला कळवते. पाण्यात आवाज आणि हवेत रेडिओ, जिथे जे चालते तिथे ते वापरले. काही तास काम झाले की नळकांडे आपोआप बुडून जाते.

एकाच सोनोबॉयने भागत नाही. विमान त्यांची रांग लावते किंवा घेर घालते. काही सोनोबॉयना आवाज कोणत्या दिशेने आला तेही कळते. मोहल्ल्यात रात्री कुत्रे भुंकले, तर आपल्या खिडकीतून एवढेच सांगता येते की आवाज उत्तरेकडून आला. पलीकडच्या गल्लीतले शेजारी म्हणतात, आम्हाला पश्चिमेकडून आला. दोघांच्या रेघा नकाशावर ओढल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कुत्रे आहे. पाणबुडीची जागा अशीच ठरते.

आपल्या नौदलाकडे या कामासाठी पी-८आय ही लांब पल्ल्याची विमाने आहेत. पहिले २०१३ साली तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या तळावर आले. २०२२ पासून गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरही त्यांचे पथक आहे. एका विमानात शंभराहून अधिक सोनोबॉय मावतात. हेलिकॉप्टरची पद्धत आणखी वेगळी. ते समुद्रावर एका जागी स्थिर राहून दोरीने विहिरीत कळशी सोडावी तसे सोनार खाली सोडते, ऐकते, वर ओढते आणि पुढे जाते.

जेवणानंतरची झोप

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

१९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या जहाजांवर सोनारची चाचणी चालू होती. एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा घडत होती. सकाळी यंत्र छान चालायचे, पाणबुडी लांबूनही ओळखू यायची. दुपार झाली की तीच पाणबुडी, तेच यंत्र, तोच माणूस, पण प्रतिध्वनी येईनासा व्हायचा. अधिकाऱ्यांनी सोपे कारण काढले. दुपारचे जेवण झाले की यंत्रावर बसलेल्याला पेंग येते, त्याचे लक्ष नसते.

ऐकणारे बिचारे सांगत असतील की आम्ही जागे आहोत. पण कोण मानणार?

१९३७ साली वुड्स होल या संस्थेतल्या समुद्रशास्त्रज्ञांना सोबत घेऊन क्युबाजवळच्या समुद्रात शोध घेण्यात आला. यंत्राबरोबरच त्यांनी पाण्याचे तापमानही मोजले, वेगवेगळ्या खोलीवर आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. आणि कारण सापडले. दुपारच्या उन्हाने समुद्राचा वरचा थर तापत होता. गरम पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो, थंड पाण्यात कमी वेगाने. बैलगाडीचे एक चाक पक्क्या रस्त्यावर आणि दुसरे वाळूत असेल तर गाडी वाळूकडे वळते. तसाच आवाजही मंद वेगाच्या बाजूला, म्हणजे खालच्या थंड पाण्याकडे वळतो. सोनारची हाक सरळ पुढे जायच्या ऐवजी वाकून खाली जात होती. थोड्या अंतरापलीकडे, पृष्ठभागाच्या जवळ, जिथे हाक पोहोचतच नाही असा एक सावलीचा भाग तयार होत होता. पाणबुडी त्या सावलीत होती. रात्री वरचे पाणी निवायचे, वाऱ्या-लाटांनी ढवळून एकसारखे व्हायचे, म्हणून सकाळी हाक पुन्हा सरळ जायची.

माणूस झोपलेला नव्हता. त्याच्या आणि पाणबुडीच्या मधले पाणी बदलले होते.

या शोधानंतर खोलीप्रमाणे पाण्याचे तापमान नोंदवणारे उपकरण तयार झाले आणि पाणबुड्या शोधणाऱ्या जहाजांवर ते बसवले जाऊ लागले. आजही काही सोनोबॉय फक्त तापमान मोजण्यासाठी टाकतात. आधी पाणी समजून घ्यायचे, मग ऐकायला बसायचे. दुसरा उपाय म्हणजे कानच खाली न्यायचा. गरम आणि थंड थराच्या सीमेखाली पाणबुडी लपली असेल, तर हायड्रोफोन त्या सीमेच्या खाली सोडायचा. वर बसून कितीही मोठ्याने हाक मारली तरी उपयोग नाही.

ज्यांना ऐकू आले नाही, आणि ज्यांना भलतेच ऐकू आले

या विद्येची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री आपली आयएनएस खुकरी ही युद्धनौका दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने बुडवली. खुकरी आणि तिच्या सोबतची किरपाण ही जहाजे मुंबईहून पाणबुडी शोधायलाच निघाली होती. पण हंगोरचे फ्रेंच बनावटीचे सोनार जास्त लांबून ऐकणारे होते. त्या घटनेवर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे की खुकरीवर सोनारची शक्ती वाढवणारे एक प्रायोगिक उपकरण बसवलेले होते आणि ते नीट चालावे म्हणून जहाजाचा वेग कमी ठेवला होता. जास्त ऐकू यावे म्हणून हळू चालणारे जहाज नेम धरायलाही सोपे होते. काही मिनिटांत खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीवला खुकरीचे स्मारक आहे. मुलांना घेऊन सहलीला गेलात, तर किल्ला बघून परत फिरू नका, तिथेही दोन मिनिटे उभे राहा.

दुसरी गोष्ट अलीकडची. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला पाच जणांना घेऊन टायटन नावाची छोटी पाणबुडी गेली आणि संपर्क तुटला. त्यांत पाकिस्तानी वंशाचे एक वडील आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा होता. त्या चार दिवसांत आपल्याही कितीतरी घरांत त्यांच्यासाठी हात उठले असतील. कॅनडाच्या विमानाने टाकलेल्या सोनोबॉयनी पाण्याखाली ठोकल्यासारखे आवाज टिपले. आत माणसे जिवंत आहेत आणि भिंतीवर ठोकून हाक देत आहेत, या आशेने जग जागे राहिले. २२ जूनला टायटॅनिकपासून सुमारे ५०० मीटरवर टायटनचे तुकडे सापडले. पाण्याच्या दाबाने ती चिरडली गेली होती. नंतर कळले की अमेरिकन नौदलाच्या हायड्रोफोननी संपर्क तुटला त्याच सुमारास तसा एक आवाज टिपला होता. पण तो पक्का पुरावा मानता येत नव्हता, म्हणून शोध चालू ठेवला. आणि ते ठोकल्याचे आवाज? त्यांचा टायटनशी संबंध नव्हता.

समुद्र मुका नाही. त्यात लाटा आहेत, पाऊस आहे, दूरची जहाजे आहेत, चटचट वाजणारी कोळंबी आहे. आपल्या कोकणातला घोळ मासा ज्या कुळातला आहे, त्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीने डरकावल्यासारखा आवाज काढतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या किनाऱ्यावर या कुळातल्या माशांनी हायड्रोफोनवाल्यांना हैराण केले होते. म्हणजे यंत्र ऐकते, पण ऐकलेले काय आहे, हे समजायला इल्म आणि सब्र दोन्ही लागतात. मन जे ऐकायला आसुसलेले असते, ते कानाला आधी ऐकू येते.

माझा दोष

आता वर म्हटलेल्या त्या मुलाविषयी. बरीच वर्षे झाली. तो सहावीत होता. प्रश्न विचारला की शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचा. लिहून घ्यायला सांगितले की चुकीचा शब्द लिहायचा. दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला तर अगदीच हरवलेला असायचा. मी दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा त्याला शेवटच्या बाकावर बसवले. त्याची अम्मी भेटायला आली तेव्हा म्हणाली, “घरीसुद्धा असाच आहे टीचर. दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही. दादी म्हणते ढीट झालाय. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतो की शेजारी तक्रार करतात.”

ती एवढे सांगत होती आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, नुसती मान हलवत होते.

काही महिन्यांनी शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. डॉक्टर बाईंनी त्याचे कान बघितले आणि पुढे पाठवले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठले होते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांना असे होते. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मुलालाही कळत नाही, कारण त्याला वाटते सगळ्यांना एवढेच ऐकू येते. म्हणजे त्याच्या आणि माझ्यामध्ये खरोखरच पाण्याचा थर होता. आणि मी त्याला माझ्यापासून सर्वांत लांबच्या बाकावर नेऊन बसवले होते.

उपचार झाले. तो पहिल्या बाकावर आला आणि सहामाहीनंतर वर्गात हात वर करू लागला. मी त्याची माफी मागितली. सहावीतल्या मुलाला टीचरने माफी मागितल्यावर काय बोलावे ते कळेना, तो नुसता लाजला. पण ते ओझे माझ्या मनावरून पूर्ण उतरलेले नाही. यंदा वर्गात “ऐकणारा झोपला असेल” असे कोणी म्हटल्यावर म्हणूनच मला तो आठवला.

मातापित्यांनो, आपल्या घरात असे मूल असेल तर त्याला ढीट म्हणण्याआधी एवढे बघा. पाठमोरे असताना हाक ऐकू येते का? टीव्हीचा आवाज सारखा वाढवते का? बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावते का? “काय?” “काय?” असे पुन्हा पुन्हा विचारते का? सर्दीनंतर जास्त होते का? यातले काही दिसले तर कानात तेल किंवा काडी घालू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. ऑडिओमेट्री ही ऐकण्याची तपासणी सोपी असते, दुखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यात कानाचे दोषही बघितले जातात. पथक शाळेत किंवा अंगणवाडीत येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हेच लागू आहे. दादाजी उत्तर देत नाहीत म्हणून रुसलेत असे समजू नका. कदाचित त्यांच्यापर्यंत आपली हाक पोहोचलीच नसेल.

आणि कान ठीक असतील तरीही मधला थर असू शकतो. वयात आलेली मुलगी गप्प झाली, मुलगा उलट बोलू लागला, तर आपण वरूनच आवाज चढवतो. समुद्रशास्त्रज्ञांनी काय केले ते आठवा. आधी पाणी मोजले, मग कान खाली नेला. मुलाच्या शेजारी जमिनीवर बसून अर्धा तास फक्त ऐकून बघा.

हजरत युनूस (अलै.) यांनी माशाच्या पोटातून, समुद्राच्या आणि रात्रीच्या अंधारातून हाक मारली आणि ती ऐकली गेली. अल्लाहच्या ऐकण्यात कोणता थर आड येत नाही, अंतर आड येत नाही. आपण बंदे आहोत. आपल्या ऐकण्यात खूप काही आड येते. म्हणून निवाडा करण्याआधी तपासणे हे आपले काम.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दिले. मागच्या बाकावरचा तो मुलगा शेवटी उभा राहिला आणि म्हणाला, “म्हणजे टीचर, तो झोपला नव्हता.”

“नाही बेटा,” मी म्हटले, “तो जागाच होता.”